श्रीखंडी रंगाची खोली

शरयू गेल्याचं कळलं तेव्हा मी फुनाबोरीच्या फ्लॅटमध्ये भांड्यांची खोकी भरत होते. पोळपाट वर्तमानपत्रात गुंडाळायचा की टॉवेलमध्ये, असल्या फालतू प्रश्नाशी झटापट चालली होती आणि फोन वाजला. मोरी-सानचा. मोरी-सान म्हणजे कावासाकीला शरयूच्या शेजारच्या घरात राहणाऱ्या बाई, सत्तरी कधीच ओलांडलेल्या, एकट्या. त्या मला कधी फोन करत नसत. अडीअडचणीला असू दे म्हणून शरयूनंच त्यांना माझा नंबर देऊन ठेवला होता. त्या सकाळी त्यांच्या गल्लीत कचऱ्याचा वार होता. कावळ्यांनी पिशव्या फाडू नयेत म्हणून ढिगावर जाळी पसरायची असते, आणि त्या आठवड्यात जाळीची पाळी शरयूची होती. जाळी पसरलेली नव्हती. शरयूची पाळी आणि जाळी नाही, हे काही मोरी-सानना पटेना. त्यांनी बेल वाजवली, थोडं थांबल्या, मग आपल्याकडच्या किल्लीनं दार उघडलं. शरयू स्वयंपाकघरातल्या टेबलावर डोकं ठेवून बसली होती, झोप लागावी तशी. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. मोरी-सान हे सगळं मला कळावं म्हणून सोपे सोपे जपानी शब्द निवडून सांगत होत्या. मी नुसती हो, हो म्हणत होते… आणि हातातला पोळपाट खाली ठेवायचं मला सुचत नव्हतं.

त्या महिनाअखेरीस मी तिच्याकडे राहायला जाणार होते. पाहुणी म्हणून नव्हे, कायमची. फुनाबोरीची जागा सोडत असल्याची नोटीस देऊन झाली होती, माझ्यानंतर तिथे कोण येणार तेही ठरलं होतं. दिवाळीची पहिली पणती कावासाकीच्या घरात लावायची, असा आमचा बेत होता. त्यामुळे मैत्रीण गेल्याचं दुःख आणि आता मी जाऊ कुठे ही धास्ती, दोन्ही एकदमच अंगावर आली. गाडीत बसून तिच्याकडे जाताना मला नेमकं कशाचं रडू येत होतं, ते मलाही सांगता आलं नसतं.

आमची ओळख पातेल्यांवरची. मी बँकेच्या कामासाठी मुलुंडहून आलेली, काही वर्षांसाठी म्हणून, आणि ती वर्षं लांबतच गेली. पुढे ती नोकरी सोडून मी इथलीच एक धरली. शरयू नाशिकची. भातावरच्या रोगांवर संशोधन करायला आली आणि तीही राहिली. कोतोमधल्या एका हॉलमध्ये मराठी मंडळींचा गणपती होता. आरती झाली, जेवणं झाली, मुलं पेंगायला लागली तसे आईबाप एकेक करून स्टेशनकडे निघाले. हॉल भाड्याचा, चकचकीत करून परत द्यायचा. ज्यांना घरी जाऊन मुलं झोपवायची नसतात त्यांच्या वाट्याला पातेली येतात, हा नियम जगात कुठेही सारखाच. मी बाह्या सरसावून उभी राहिले तर शेजारी एक उंच, चष्म्याची बाई अगोदरच खरकटं वेगवेगळ्या पिशव्यांत भरत होती.

"तुम्हीसुद्धा एकट्याच का?" तिनं विचारलं.

"हो."

"मग कुकर तुम्ही घ्या, मी परात घेते."

एवढीच प्रस्तावना. नंतर तुम्हीचं तू झालं, मंगलाची मंगी झाली, आणि आठवड्याचा एक फोन हा दोघींचाही नेम होऊन बसला. आम्ही काही गळ्यात गळे घालणाऱ्या मैत्रिणी नव्हतो. मी तोंडाळ, ती घुमी. मी भाजीत मीठ अंदाजानं टाकणारी, ती वजनकाट्यावर मोजून. भांडायचोही पुष्कळ. पण आजारी पडलं की आलं घातलेली पेज घेऊन गाडी बदलत येणारं माणूस या देशात मला एकच होतं, आणि तिलाही मीच.

साठीच्या उंबरठ्यावर आलो तेव्हा दोघींपुढेही एकच प्रश्न उभा राहिला. नोकरी संपल्यावर राहायचं कुठे? इथे घर भाड्यानं घ्यायला गेलं की एजंट आधी हसून बसायला सांगतो, चहा देतो, मग वय विचारतो, मग सोबत कोण राहणार ते विचारतो. सोबत कुणी नाही म्हटलं की तो दातांतून हवा आत ओढतो आणि मान तिरकी करतो. नाही असं कधी म्हणत नाही. त्या मान तिरकी करण्याची मला इतकी चीड येई! परदेशी, एकटी, म्हातारी होऊ घातलेली… घरात मेली तर निस्तरणार कोण, एवढाच त्याचा हिशेब. बरं, मुलुंडला जावं तर आईवडिलांची जागा इमारतीच्या पुनर्विकासात गेली होती. "ये की ताई, हॉलमध्ये दिवाण टाकू," असं भाऊ म्हणतो. मनापासून म्हणतो, पण हॉलमधला दिवाण म्हणजे रात्री टीव्ही बंद होईपर्यंत झोपायचं नाही आणि सकाळी दूधवाला यायच्या आत उठून चादरीची घडी घालायची. शरयूचं नाशिकलाही काही वेगळं नव्हतं. मग एक दिवस तिनं फोनवर शांतपणे सांगितलं, "मंगे, मी घर घेतलंय. जुनं आहे, टेकडीवर आहे, चढ आहे. वरची खोली तुझी."

घर पाहिलं आणि मी कपाळाला हात लावला. लाकडी, दुमजली, वर्षानुवर्षं बंद. खालचं तिनं उन्हाळ्यात कसंबसं राहण्याजोगं केलं. वरच्या खोलीत मात्र गंमतच होती. आधीच्या मालकांनी लागेल तशी डागडुजी केलेली असल्यामुळे चार भिंती चार जातीच्या होत्या. एक जुनी मातीची, रेती आणि गवताचे तंतू घालून लिंपलेली, हात लावला की कण बोटाला येणारी. दुसरीवर लाकडासारखी नक्षी छापलेलं गुळगुळीत प्लायवूड, उभ्या खाचांचं. तिसरीवर इथल्या घरोघरी असतो तो पांढरा प्लॅस्टिकचा कागद, सांध्यांना सुटत चाललेला. आणि चौथी म्हणजे एक जुनी खिडकी बुजवून ठोकलेला जिप्सम बोर्ड, नुसता राखाडी. "धर्मशाळा आहे," मी म्हणाले. शरयू चष्मा पुसत म्हणाली, "कुठला रंग हवा ते सांग."

मला कुणी असं कधी विचारलंच नव्हतं. मुलुंडच्या दोन खोल्यांना वडील सांगतील तो रंग, पुढे भाऊ सांगेल तो. इथे भाड्याच्या घरात तर रंगाचा प्रश्नच नाही, सगळीकडे तोच पांढरा कागद. मी म्हटलं, श्रीखंडी. तेही केशर जरा हात राखून घातलेल्या श्रीखंडाचा. माझी आपली चेष्टा. पण शरयूला चेष्टा कळण्यापूर्वीच ती कामाला लागलेली असे. गणपतीत मी इथलं दही टांगून श्रीखंड केलं होतं, त्यातलं उरलेलं ती डब्यातून थेट होम सेंटरला, म्हणजे घरदुरुस्तीच्या सामानाच्या मोठ्या दुकानात, घेऊन गेली. मी सोबत होते, लाजेनं अर्धी झाले. रंगाच्या काउंटरवरच्या तरुणीनं डब्यात पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि अतिशय अदबीनं विचारलं की हे ओलंच राहणार का. मग शरयूनं पांढऱ्या कार्डावर श्रीखंड सुरीनं सारखं पसरलं, वर पारदर्शक कागद ताणून लावला आणि कार्ड यंत्रापुढे धरलं. यंत्रानं रंग ओळखला. आम्ही बाहेर येऊन बाकावर बसलो आणि उरलेलं श्रीखंड बोटांनी खाल्लं. मी इतकी हसले होते की पोटात दुखायला लागलं. ती हसत नव्हती, डब्यांवरच्या सूचना वाचत होती.

काम सुरू करण्याआधी आजूबाजूच्या घरांत छोटासा टॉवेल भेट देऊन "आवाज होईल, त्रास होईल, सांभाळून घ्या" असं सांगून यायची इथे रीत आहे. ते सगळं आम्ही केलं. आणि मग पहिल्याच दिवशी असा घोळ घातला, जो फक्त आपल्याकडची माणसंच घालू शकतात. आपल्याकडे दिवाळीआधी रंगारी आला की पहिल्या दिवशी काय करतो? भिंत खरवडतो आणि पाण्यानं धुऊन काढतो. धुतलेल्या भिंतीचा तो ओला वास आला की सण जवळ आला, हे आमच्या हाडामाशी मुरलेलं. तेव्हा आम्ही दोघींनी पदर खोचल्यासारखे ॲप्रन बांधले, बादल्या भरून वर नेल्या आणि मातीच्या भिंतीवर ओले फडके सपासप मारले. पाच मिनिटं छान वाटलं. मग भिंतीचा वरचा थर हळूच फुगला… आणि ओल्या रव्यासारखा घसरून आमच्या पायांशी येऊन पडला. त्या भिंतीला पाणी चालतच नाही! मोरी-सान आवाजानं धावत आल्या, जिन्यातून डोकावल्या, तोंडावर हात ठेवला आणि मग कोपऱ्यातला झाडू उचलून रेती गोळा करायला लागल्या. शरयू चिखलात उभी. चष्म्यावर रेती. "आपण सिन्नरच्या भिंतीला धुतलं मंगे," ती म्हणाली, "ही भिंत कुठलीय ते विचारलंच नाही." तिचं आजोळ सिन्नरचं.

त्यानंतर मात्र तिनं माझं काही चालू दिलं नाही. प्रयोगशाळेत करते तसंच सुरू केलं. खिडकीशेजारी प्रत्येक भिंतीवर पोस्टकार्डाएवढे चौकोन आखले आणि रंगवून पाहिले. रंग एकाच डब्यातला, ब्रश तोच. पण मातीत तो शोषला जाऊन निस्तेज झाला, प्लायवूडवर चमकला आणि नखानं सोलून निघाला, कागदावर त्याची उठावदार जाळी दिसली, बोर्डावर एक छटा गडद आला. दोन दिवसांनी मातीच्या चौकोनातून आतला तपकिरी डाग वर आला. मी म्हटलं, "अगं, पिवळ्यावर पिवळसर डाग, दिसणार आहे कुणाला?"

"मला दिसेल," ती म्हणाली.

रंग ही अगदी शेवटची गोष्ट असते, हे मला त्या दिवसांत कळलं. प्रत्येक भिंतीची तहान वेगळी. ती आधी भागवल्याशिवाय वरून काहीही लावा, भिंत आपली जात दाखवतेच. मातीच्या भिंतीवरची सुटी रेती तिनं कोरड्या ब्रशनं झाडली, उरलेली घट्ट धरून ठेवेल असा पातळ सीलर फवारला, तो वाळल्यावर डाग अडवणारा दुसरा दिला. प्लायवूडचं तेलकटपण पुसलं, पॉलिश पेपरनं चमक मारली, खाचा लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, भरल्या. कागदाचे सुटलेले सांधे कापून चिकटवले. बोर्डाच्या जोडांवर पट्टी मारली. मग चारही भिंतींवर लांबीचा पातळ हात फिरवला, वाळल्यावर घासला आणि पुन्हा फिरवला. रंगाचे सगळे डबे एकाच मोठ्या बादलीत ओतून ढवळले, न जाणो दोन डब्यांत बारीकसा फरक असला तर. प्रत्येक शनिवारी मी जायचे, दिवसभर धुरळ्यात खोकायचे, तिच्यासाठी थालीपिठं लावायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचे. एक दिवस वैतागून म्हणाले, "शरयू, पुरे ना आता. पांढरा कागद चिकटवू सगळीकडे आणि मोकळ्या होऊ. एका दिवसाचं काम."

ती स्टुलावर होती. खाली उतरली नाही, माझ्याकडे वळलीही नाही. "ठिगळांच्या खोलीत माणूस बिऱ्हाडकरू असल्यासारखं राहतं," ती म्हणाली. "तू आयुष्यभर कुणाच्या तरी घरात कडेकडेनं राहिलीस. इथे तरी ऐसपैस राहा." एवढं बोलून पुन्हा घासायला लागली.  खाली जाऊन मी चहा ठेवला आणि तो उतू गेला.

आमची शेवटची भेट त्यानंतरच्या शनिवारची. रंगाचा दुसरा हात चालू होता. मी हट्टानं प्लायवूडची भिंत मागून घेतली आणि रोलर चालवला. माझा हात जड. संध्याकाळी तिनं टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून तिरका प्रकाश टाकला तर माझी भिंत सायीसारखी जाड दिसत होती आणि तिची दुधासारखी सपाट. "दोघींचे हात वेगळे पडतात," ती म्हणाली. "शेवटचा हात मी एकटीच मारीन. एका दमात, न थांबता, म्हणजे कुठे सांधा दिसायचा नाही." मला राग आला. म्हटलं, खोली माझी ना? माझ्या खोलीला मी रंग लावायचा नाही? ती हसली, फार क्वचित हसायची तशी, आणि म्हणाली, "तू राहा गं. लावणं माझं." निघताना जिन्यात उभी राहून म्हणाली, पुढच्या वेळी खोकी घेऊनच ये. एवढंच.

तो शेवटचा हात तिनं मारला. कधी, ते मला कळलं नाही. मी पोहोचले तेव्हा खाली लोक होते, कागदपत्रं होती, कुठल्या कुठल्या कार्यालयांत फोन चालले होते. वर जायची मला हिंमतच झाली नाही. तिचा धाकटा भाऊ अविनाश नाशिकहून आला, सगळे विधी झाले, पश्चिम कासाईची, गणपतीतली मराठी मंडळी येऊन गेली. कुणीतरी मला म्हणालं, "सुटली बिचारी, कुणाला त्रास दिला नाही." मी त्या गृहस्थांना काय बोलले ते इथे लिहीत नाही. सुटली म्हणे! तिला सुटायचं नव्हतं. तिला दिवाळीला अनारसे करायचे होते आणि पिठीच्या डब्यावर तारीख टाकून ठेवली होती.

अस्थी घेऊन जाण्याच्या आदल्या दिवशी अविनाशनं विषय काढला. सालस माणूस, बहिणीसारखाच घुमा. "मंगलताई, घराचं काय करू? मला इकडे येणं होणार नाही. एजंट म्हणतो, विकलं तर घेणारा घर पाडून टाकेल, जमिनीलाच काय ती किंमत आहे. पण तुम्ही राहणार असाल तर मी विकत नाही. शरूनं तुमच्यासाठीच घेतलं होतं." मी म्हणाले, दोन दिवस द्या. खरं तर नाही म्हणायचं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. ज्या टेबलावर ती डोकं ठेवून गेली त्या टेबलावर मी चपात्या लाटू? दोघींसाठी म्हणून घेतलेल्या घरात एकटीनं चढ चढून यायचं, किल्ली फिरवायची आणि आत अंधार? त्यापेक्षा मुलुंडचा हॉल परवडला. तिथे निदान रात्री टीव्हीचा आवाज तरी असतो. मुलुंडच्या भावाला मी तसं कळवूनही टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी माझा एक स्वेटर राहिला होता तो घ्यायला म्हणून मी वर गेले. दार सरकवलं आणि उभीच राहिले. खिडकीतून सकाळचं ऊन येत होतं आणि चारही भिंती एकच होत्या. माती कुठली, प्लायवूड कुठलं, कागद कुठे संपतो, बुजवलेली खिडकी कुठे होती… काही काही कळत नव्हतं. केशर हात राखून घातलेलं श्रीखंड. मी वेड्यासारखी शोधायला लागले. ब्रशचा एखादा फटकारा, ओघळलेला एखादा थेंब, चुकून लागलेलं बोट, तिचं काहीतरी. छत आणि भिंतीच्या कोपऱ्यात पाहिलं, खिडकीच्या चौकटीमागे पाहिलं, गुडघे टेकून जमिनीलगत पाहिलं. टॉर्चसुद्धा तिरका धरून पाहिला. कुठे काही नव्हतं. बयेनं एवढं सारखं केलं होतं की त्यात ती स्वतःसुद्धा उरली नव्हती. मला तिचा इतका राग आला! म्हटलं, एखादा कोपरा तरी ठेवायचास माझ्यासाठी. निदान म्हटलं असतं, शरयूचं एवढं राहिलं, ते मी पुरं करते. काही म्हणजे काही करायला शिल्लक ठेवलं नाहीस. आणि हे असलं काम आता एखादं यंत्र येऊन अर्ध्या दिवसात जमीनदोस्त करणार… ते मात्र मी होऊ देणार नव्हते. खाली आले आणि अविनाशला सांगितलं, "विकू नका. मी राहते."

धैर्यबिर्य काही नव्हतं त्यात. राहते म्हटलं आणि मग कळलं काय म्हणून बसले ते. दिवाळीच्या तोंडावर सामान आलं. सामान हलवणारी माणसं कपाट कुठे, कॉट कुठे विचारत होती आणि मी प्रत्येक वस्तूला म्हणत होते, मध्येच ठेवा, भिंतीला लावू नका. माणसं गेल्यावर पाहिलं तर खोलीच्या मधोमध सगळा ढीग आणि चहूबाजूंनी चालायला वाट. तसंच राहू लागले. अनारशांची पिठी आंबट झाली होती, ती टाकून दिली. एक पणती खाली लावली, एक वर. ऑफिसातून आल्यावर दिवा लावायचा, ढिगाला वळसा घालून कॉटवर बसायचं, एक भाताचा कुकर करायचा तो दोन दिवस खायचा. आठवड्याच्या फोनची वेळ झाली की हातात फोन घेऊन बसायचे, कुणाला करणार? माणसं विचारतात, नवीन घर कसं आहे? मी म्हणते, छान आहे. छानच आहे.

परवा मोरी-सान परसातली पर्सिमनची फळं घेऊन आल्या. मी ऑफिसचे कपडेही बदलले नव्हते, म्हणून त्यांना वरच बोलावलं. त्या दारात चपला काढून उभ्या राहिल्या, खोलीभर नजर फिरवली. मधोमध ठेवलेल्या कॉटकडे पाहिलं, तिच्याभोवती रचलेल्या खोक्यांकडे पाहिलं, मोकळ्या भिंतींकडे पाहिलं आणि हळूच, अगदी काळजीनं म्हणाल्या, "मंगला-सान, रंग अजून वाळला नाही का?"

"वाळला," मी म्हणाले.

 त्यांनी फळं खोक्यावर ठेवली, वाकून नमस्कार केला आणि जिना उतरून गेल्या.

 रंग वाळून महिना उलटला होता, आणि मी दुसऱ्याच्या घरात राहावं तशी मधल्यामध्ये, भिंतींना अंग न लावता राहत होते. कॉट भिंतीला लागली की मी इथे राहायला आले आणि शरयू नाही, हे दोन्ही खरं ठरणार होतं. उठले. खोकी बाजूला केली, कॉटचं एक टोक धरलं आणि मातीच्या भिंतीकडे ओढायला लागले. कॉट जड, जमीन जुनी, हातात जोर नाही. शेवटी पाठ लावून ढकलली तर ती एकदम घसरली आणि तिचा कोपरा भिंतीवरून करकरत गेला. श्रीखंडी रंगाची सालपटं निघाली, लांबीचा टवका उडाला आणि आतली रेती बारीक आवाज करत कॉटच्या गादीवर सांडली.

मी जागच्या जागी थिजले. मान खांद्यांत ओढून, श्वास रोखून जिन्याकडे पाहत राहिले. एवढा आवाज झाल्यावर शरयू खालून ओरडल्याशिवाय राहिली नसती. "मंगे, काय पाडलंस?" म्हणाली असती, हातातलं काम टाकून तरातरा वर आली असती, टॉर्च लावून ओरखडा पाहिला असता आणि पुढचे चार दिवस मला ऐकवलं असतं. मी थांबले. आणखी थोडं थांबले. खाली फ्रिज चालू झाला, बंद झाला.

कुणी ओरडलं नाही.

मग मी गादीवरची रेती तळहातानं गोळा केली आणि कॉट उरलेली वीतभर पुढे ढकलून भिंतीला टेकवली.